अंगठा कुणाला द्यायचा, हे ज्येष्ठांना कोण सांगणार?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणतो, वयाच्या ७४ व्या वर्षी गेवराई तालुक्यातील एका खेड्यात एकटी राहते. मुलगा आणि सून कामाच्या निमित्ताने चाकणला आहेत. गेल्या कार्तिकात, कापसाच्या वेचणीमुळे भरदुपारी सारी गल्ली शेतात गेलेली असताना, मोटारसायकलवरून दोन तरुण तिच्या ओसरीवर आले. सत्तरीच्या पुढच्या माणसांना सरकार पाच लाखांपर्यंतचा दवाखाना फुकट देते, तुमचे कार्ड मंजूर झाले आहे, ते फक्त चालू करायचे राहिले आहे, असे त्यांनी अदबीने सांगितले. त्यांनी ३५० रुपये घेतले, आधार कार्डाचा आणि बँकेच्या पासबुकाचा फोटो काढला आणि एका लहान यंत्रावर तिचा अंगठा ठेवून घेतला. जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या हातांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात, राशन दुकानातही आक्काचा अंगठा पहिल्यांदा कधीच लागत नाही. त्यामुळे ‘आजी, उमटत नाही, परत ठेवा’ असे तीनदा ऐकूनही तिला काही वावगे वाटले नाही. त्या तीन वेळांपैकी दोन वेळा तिच्या खात्यातून रोख रक्कम काढली गेली होती. श्रावणबाळ योजनेचे साठवलेले मिळून १४,००० रुपये गेले. बँकेचा संदेश ज्या मोबाईल क्रमांकावर जात होता, तो मुलाचा जुना क्रमांक केव्हाच बंद पडलेला होता.

संक्रांतीच्या आधी ती पैसे काढायला बँकेत गेली तेव्हा हे तिला कळले, आणि आम्हाला कळायला त्यानंतर आणखी पाच आठवडे लागले. भाऊ मास्तर असून ही कशी फसली, असे लोक म्हणतील, या धास्तीने तिने तोंड उघडले नाही. ही लाज फसवणाऱ्यांना फार सोयीची पडते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकांनुसार, ज्या व्यवहारात चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, त्याची खबर ग्राहकाने बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर त्याचा भार ग्राहकावर पडत नाही, आणि कामकाजाच्या सात दिवसांनंतर मात्र सारे त्या बँकेच्या धोरणावर अवलंबून राहते. १९३० या सायबर मदत क्रमांकावरही पहिल्या काही तासांत तक्रार गेली, तरच पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा असते. आक्काच्या पैशांबाबत ती वेळ आम्ही केव्हाच गमावली होती.

या प्रकारात सर्वांत दुःखाची बाब अशी की त्या तरुणांनी सांगितलेली योजना खरी आहे. केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजनेचा विस्तार करून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड देऊ केले आहे. त्यावर दरवर्षी कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यासाठी हप्ता नाही, नोंदणीचे शुल्क नाही, जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत नाही, आणि ज्यांचा खासगी विमा आहे त्यांनाही ते काढता येते. उपचार मात्र योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच मिळतात, दारात आणून दिलेल्या गोळ्या-औषधांचा या कार्डाशी काहीही संबंध नाही. म्हणजे जे फुकट आहे तेच आक्काला पैसे घेऊन दाखवले गेले, आणि ते फुकट आहे हे तिला सांगायला वर्षभरात गावात कोणीही आले नव्हते. फसवणारे मात्र आले होते.

अशी बातमी छापून आली की ‘ज्येष्ठांनी सावध राहावे, कोणालाही अंगठा देऊ नये’ असा सल्ला दिला जातो. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण हा सल्ला आमच्या खेड्यांत पाळता येत नाही. खऱ्या कार्डाच्या नोंदणीलाही आधारची पडताळणी लागते, आणि ज्यांच्याकडे आधारला जोडलेला मोबाईल नाही अशा बहुतेक वृद्धांची पडताळणी अंगठ्यानेच होते. धान्याला अंगठा लागतो, बँक मित्राकडून, म्हणजे गावात बँकेचे काम करणाऱ्या प्रतिनिधीकडून, पैसे काढायलाही अंगठाच लागतो. आधारवर आधारलेल्या त्या पद्धतीत बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढेच पुरे असते, ओटीपी येतच नाही. यंत्राच्या पडद्यावर काय उघडले आहे, नोंदणी की पैसे काढणे, हे अंगठा देणाऱ्या म्हातारीला दिसत नाही आणि दिसले तरी वाचता येत नाही. आधारमधील बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, कुलूपबंद करण्याची सोय आहे आणि ज्यांच्या घरात जाणते माणूस आहे त्यांनी ती जरूर वापरावी. परंतु कुलूप लावल्यावर राशन दुकानातही अंगठा लागत नाही, दर वेळी ते उघडावे लागते. एकट्या राहणाऱ्या आक्काला हे कसे जमावे?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की खरा माणूस कोण, हे ओळखण्याचे ओझे वृद्धांच्या डोक्यावर ठेवू नये. खऱ्या माणसाच्या येण्याची जागा, दिवस आणि चेहरा प्रशासनाने आधीच ठरवून जाहीर करावा. कार्डाची नोंदणी ग्रामपंचायत कार्यालयात किंवा आरोग्य उपकेंद्रातच होईल, तिथे गावची आशाताई समोर बसलेली असेल, तारीख आठवडाभर आधी फलकावर लागेल आणि मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून दोन-तीन वेळा पुकारली जाईल, एवढे पक्के झाले तर त्याबाहेर यंत्र घेऊन दारात उभा राहिलेला प्रत्येक माणूस आपोआप परका ठरतो. जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांच्या घरी जावेच लागेल, पण तेही आशाताईंच्या सोबतीनेच जावे. आज अशी शिबिरे होतातही, पण आमच्या गावातल्या शिबिराची खबर आम्हाला शिबिर उरकल्यावर लागली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांत सत्तरी पार केलेल्यांपैकी कोणाचे कार्ड निघाले आणि कोणाचे राहिले, हे मोठ्याने वाचून दाखवायला कोणताही वेगळा निधी लागणार नाही.

हंगामाचा विचारही व्हायला हवा. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की कित्येक तांड्यांवर आणि वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच मागे राहतात. त्या पाच-सहा महिन्यांत विचारायला घरात कर्ते माणूस नसते, आणि दुपारच्या वेळी फिरणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. नोंदणीची मोहीम टोळ्या निघण्यापूर्वीच, मुले-सुना घरी असताना पार पडली पाहिजे.

शहरांतील ज्येष्ठांची फसवणूक निराळ्या वाटेने होते. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यांना फोन आला की आपण विमा नियामक प्राधिकरणातून बोलत आहोत, तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकला आहे आणि तो सोडवण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरावे लागेल. त्यांनी दोनदा पैसे भरले, तिसऱ्यांदा मात्र मुलीने अडवले. हैदराबादचे हे प्राधिकरण कोणालाही पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही आणि त्यासाठी फोनही करत नाही, एवढे एक वाक्य त्यांना वेळेवर माहीत असते तर ते वाचले असते. दुसरी वाट अधिक फसवी आहे, कारण तिच्यात कंपनी खरी असते, पॉलिसीही खरी असते आणि एजंट ओळखीचा असतो. ‘काका, अर्जात साखर आणि रक्तदाब लिहू नका, उगाच हप्ता वाढेल,’ असे तो म्हणतो, कोऱ्या अर्जावर सही घेतो, आणि दोन वर्षांनी रुग्णालयात भरती झाल्यावर आजार लपवल्याच्या कारणावरून दावा फेटाळला जातो. खरे पाहता २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबण्याची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, तेव्हा आजार लिहूनच विमा घेणे हिताचे आहे. पॉलिसी हाती पडल्यावर ती न पटल्यास परत करण्यासाठी आता ३० दिवस मिळतात. ते दिवस कपाटात न घालवता घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वा नातीकडून अर्जाची प्रत वाचून घ्यावी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झालेला आहे, तरीही कोणी तो मागत असेल तर पावतीवर बोट ठेवून विचारावे.

दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालांकडे जाता येते. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. तीस-चाळीस वर्षे नोकरी केलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकांना या कार्यालयाचे नावही माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

बँकांकडूनही एक अपेक्षा आहे. निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या खात्यांना जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे की नाही, हे वृद्ध माणूस पैसे काढायला समोर उभा असतानाच विचारले जावे. आक्काला हे कोणी विचारले असते तर पहिल्याच संदेशाने मुलाला चाकणला कळले असते, आणि त्याने त्याच दुपारी १९३० लावला असता.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक नम्र विनंती. फसवणुकीसाठी १९३०, आयुष्मान कार्डाच्या चौकशीसाठी १४५५५, विम्याच्या तक्रारीसाठी १५५२५५ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे चार क्रमांक आपण आठवड्यातून एकदा ठळक, मोठ्या अक्षरांत छापावेत. त्यांची चौकट मोंढ्यातल्या कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या भावांच्या शेजारी असावी. आक्काला वाचता येत नाही, पण कापसाचा भाव ती शेजारच्या पोराकडून रोज वाचून घेते.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
गेवराई, जि. बीड