कंटेनर ठेवा, पण आधी नकाशात दाखवा

संपादक महोदय,

शहरात व्यापारी आवारांत चादरी-टॉवेलचा माल ठेवायला जुने लोखंडी कंटेनर उभे केलेले दिसतात. ‘पाया नाही, भिंत नाही, मग परवानगी कशाला?’ हा समज महागात पडतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे, त्यात असा कंटेनरही येऊ शकतो. कलम ४४ नुसार आधी महापालिकेकडे परवानगीचा अर्ज करावा. नाहीतर कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना काम हटवण्याची, नोटीस येऊ शकते. एमआयडीसीच्या भूखंडासाठी मात्र अर्ज एमआयडीसीकडेच.

वीस फुटी कंटेनर सुमारे ६.०६ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतो, म्हणजे जवळपास १५ चौरस मीटर जागा अडते. परवानाधारक अभियंत्याकडून मंजूर नकाशावर तो मापासह दाखवून घ्यावा. गाडा अडतो तो बहुधा इथेच: कंटेनर सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) किंवा पार्किंगच्या जागेत बसवलेला असतो. अग्निशमन गाडीची वाट त्यानेच बंद होते, आणि आत कापूस-सूत असेल तर हा खेळ नव्हे.

आपल्याकडच्या काळ्या मातीचेही भान हवे. रिकामा कंटेनरच दोन टनांहून जड, आणि सगळा भार चार कोपऱ्यांवर. पावसात एक कोपरा खचला की चौकट पिळवटते, दार अडकते. माती काढून मुरूम दाबून भरावा, कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे द्यावेत.

महापालिकेने अशा कंटेनरसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी नगररचना विभागाबाहेर मराठीत लावावी.

– एक वाचक, सोलापूर