चौथा सिंह दाखवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. नागपूरच्या चितारओळीत, तुम्हा मूर्तिकारांच्या गल्लीत, वाचणाऱ्यांनी ओळखलंच, तर त्याला माझा इलाज नाही.

जानेवारीत तुमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिलेली ती तिसरीची बाई मी. तेव्हा घाईत नीट सांगितलंच नव्हतं की अडचण नेमकी काय होती. सगळं सुरू झालं तक्त्यापासून. वर्गात लावायला राष्ट्रीय प्रतीकांचा तक्ता विकत आणला, तर त्यातल्या अशोकचक्राला २२ आरे! पोरांनीच बोट ठेवून मोजले. २४ असतात हे मीच आदल्या दिवशी शिकवलेलं. परत करायला गेले तर दुकानदार म्हणतो, "मॅडम, इतकं कोण मोजते?" आमच्या वर्गात ३८ जण मोजतात हो.

तक्ता पकडल्यावर त्यांनी मला पकडलं. राजमुद्रेत चार सिंह आहेत म्हटलं, तर एक मुलगी उठली. "मॅम, तीनच आहेत." चौथा मागे आहे, पाठीला पाठ लावून, असं सांगितलं. तिला ते पटलं नाही. मागच्याच महिन्यात आम्ही झिरो माइलचा स्तंभ बघायला गेलो होतो. तिथले चारही घोडे तिने गोल फिरून मोजले होते. "घोडे चार दिसले. मग हा का नाही दिसत? तुम्ही पाहिला?" राजमुद्रा जिथल्या अशोकस्तंभावरून घेतली, त्या सारनाथला मी कधी गेलेली नाही. गप्प बसले.

तुम्ही सरस्वतीच्या वीणेवर ओला हात फिरवत होतात. चारही बाजूंनी बघता येतील असे मातीचे सिंह हवेत, हे माझं सगळं ऐकून खिशातून नाणं काढलं, उलटून पाहिलं आणि म्हणालात, "मॅडम, हे तर समोरचं झालं. मागचं मी मनानं नाही बनवत. मागे कोणते जनावरं हायेत ते आधी मले आणून द्या."

तुमच्यामुळे मलाच अभ्यास करावा लागला. तोवर मी फक्त सिंहांकडेच बघत आले होते. त्यांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर चार चक्रं आहेत आणि चक्रांच्या मध्ये घोडा, बैल, हत्ती आणि आणखी एक सिंह. राजमुद्रेत समोर दिसतात फक्त घोडा आणि बैल. हत्ती आणि सिंह मागे जातात. मूळ शिल्पाच्या खाली उलट्या कमळासारखी घंटा आहे, ती २६ जानेवारी १९५० ला स्वीकारलेल्या राजमुद्रेत घेतलेली नाही. फोनवर चारही बाजूंचे फोटो दाखवले तेव्हा तुम्ही घोड्यावर थांबलात. "हा एकटाच पळून राहिला, बाकीचे चालतात." मी ते पाहिलंच नव्हतं.

आणि दीनानाथ भार्गवांचं सांगितलं तेव्हाचा तुमचा चेहरा! संविधानाच्या मूळ हस्तलिखितासाठी हे सिंह रेखाटणारा शांतिनिकेतनचा तरुण विद्यार्थी, नंदलाल बोस यांचा शिष्य, जन्मानं मुलताईचा. "मुलताई? म्हंजे आपल्या बैतूल रोडवरची?" तीच, तापीच्या उगमाची. मग तुम्ही चहा मागवलात.

राजमुद्रा अशी बनवली तर चालते का, हेही तुम्हीच विचारलंत. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हणून आपण सारनाथचं स्तंभशीर्षच केलं, घंटेसकट, आणि खाली 'सत्यमेव जयते' लिहिलं नाही. मुद्रा वेगळी आणि ती जिच्यावरून घेतली ते शिल्प वेगळं, हा फरक पोरांना त्यामुळे आपोआप कळला.

२५ तारखेला तुम्ही ऑटोत मांडीवर गोणपाट घेऊन आलात. टेबल वर्गाच्या मधोमध ओढलं. परिपाठात रोज 'आम्ही, भारताचे लोक' एका सुरात म्हणणारी पोरं त्या दिवशी रांग मोडून गोल फिरत सुटली. चौथा सिंह सापडल्यावर त्या मुलीने त्याच्या आयाळीवरून बोट फिरवलं, हनुवटीखाली तुमच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता तिथे थांबली आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मॅम, हत्ती!" हत्तीबद्दल मी मुद्दामच काही बोलले नव्हते.

पैसे विचारले तर म्हणालात, "मातीचे कायचे पैसे?" माती तुमची, चार दिवस तुमचे, ऑटोभाडंही तुमचंच. मी नुसतं 'थँक्यू काका' म्हटलं आणि घंटा झाली म्हणून पळाले. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

आता खरं सांगते. परवा हत्तीची सोंड तुटली. कुणी तोडली हे ३८ पैकी एकालाही माहीत नाही. तुकडा काडेपेटीत कापूस घालून ठेवलाय. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेबारापर्यंत घेऊन येते. पोरंही येतो म्हणतात. पाच-सहाच आणीन.

तुमची,
तिसरीची बाई