झोपाळ्याचे हुक

ती. आई आणि बाबांना सा. न.

विष्णुनगरातला दुसऱ्या मजल्यावरचा, लिफ्टवाला फ्लॅट मी काल पक्का केला. टोकनही दिलं. पुनर्विकासासाठी आपली बिल्डिंग पाडल्यावर आमच्याकडे घोडबंदरला यायचं तुम्ही धरून चालला होतात, ठाऊक आहे मला. घर तुमचंच आहे, हवं तेव्हा या, हवं तितकं राहा. पण तीन वर्षं तिथे काढायची म्हणजे गावदेवीची भाजी, घंटाळीचा फेरा, आईचे डॉक्टर, सगळ्यालाच रिक्षा. विष्णुनगरात सगळं पायाखालचं.

आणि थांबण्यात तोटा होता. एक सोसायटी रिकामी झाली की वीस-पंचवीस कुटुंबं एकाच महिन्यात त्याच चार गल्ल्यांत घर शोधतात आणि भाडी चढतात. म्हणून आधीच ३६ महिन्यांचा करार ठरवला, दरवर्षी पाच टक्के वाढीचा. नवी बिल्डिंग होईपर्यंत बिल्डर आपल्याला देणार ते भाडं दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढणार आहे, तेव्हा खिशातून काही जायचं नाही. गीझर आहे, कमोड आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा मी बसवून घेते.

बाबा, आता माझं ऐकायचं. आपल्या घराची किल्ली बिल्डरला घाईने द्यायची नाही. बिल्डर जादा एफएसआय (प्लॉटवर बांधायची वाढीव परवानगी) आणि टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) यांतून निघालेले फ्लॅट विकतो, त्यातूनच आपलं बांधकाम, कॉर्पस म्हणजे सभासदांना द्यायची ठोक रक्कम, आणि भाडं भागवतो. विक्री मंदावली की आधी भाडं थकतं. काम थांबलं तर बँक आणि नवे ग्राहक त्याचा गळा धरतात, भाड्यासाठी मात्र जुने सभासदच फेऱ्या मारतात. म्हणून सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या २०१९ च्या सरकारी निर्देशांप्रमाणे प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी सोसायटीच्या हातात, महापालिकेची परवानगी, आणि तुमच्या दोघांच्या नावाने नोंदलेला पर्यायी जागेचा, म्हणजे नव्या घराचा, करार, ही तिन्ही झाल्याशिवाय घर सोडायचं नाही. सेक्रेटरीकाका ‘सगळ्यांनी किल्ल्या दिल्या’ म्हणाले तरी नाही. शेअर सर्टिफिकेटची फक्त झेरॉक्स द्या.

करारात नव्या घराची जागा ‘३५ टक्के जास्त’ एवढंच नको, आकडा रेरा कार्पेटच्या, म्हणजे बाहेरच्या भिंती सोडून आतल्या जागेच्या, चौरस फुटांत हवा. टक्के जुन्या कार्पेटवर की भिंती धरून मोजलेल्या बिल्टअपवर, याच्यातच एक खोली गडप होते. वर विकत जागा घेऊ नका, त्यावर मुद्रांक शुल्क वेगळं. बिल्डरने भाड्यातून टीडीएस म्हणून कर कापला तर लगेच कळवा, तो कापायचा नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय.

आई, तुझा झोपाळा. भाड्याच्या घरात स्लॅबला भोकं पाडता येणार नाहीत, तिथे लोखंडी स्टँडवर टांगू. नव्या घरात हुक स्लॅब ओतायच्या आधी सळ्यांना अडकवावे लागतात, नंतर ड्रिलने बसवलेल्यांचा मला भरवसा नाही. म्हणून करारासोबतच्या सुविधांच्या यादीत ‘हॉलच्या स्लॅबमध्ये चार हुक’ असं मी घालायला लावलंय. दुपारी तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं की त्या कड्यांच्या करकरीतच झोप लागायची, अजून कानात आहे. पितळी कड्या चिंचेने घासून बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेव. सामानवाल्यांकडे द्यायच्या नाहीत, शनिवारी मी स्वतः न्यायला येते. आणि माळ्यावर चढू नकोस, तो मी आल्यावर उतरवू.

तुमची,
मनू