मुक्ता, झोप लागते का?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

निघताना तू जे बोललीस त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आई रडत होती, केदार आत जाऊन बसला होता, खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती. "बाबा, गांजाचं व्यसन लागत नाही. सगळ्यांना माहितीये." मी गप्प राहिलो म्हणजे मला ते पटलं असं समजू नकोस. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यांना लागत नाही, हे खरं. एकदा-दोनदा ओढून पाहिलेले बहुतेक जण त्यात अडकत नाहीत. पण रोज ओढणाऱ्यांचं गणित वेगळं, आणि कोवळ्या वयात सुरुवात केलेल्यांचं त्याहून वेगळं. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं म्हणालीस, तेव्हा तू अठराची होतीस. संभाव्यता तू माझ्यापेक्षा चांगली जाणतेस, त्यामुळे आकडे राहू देत.

मला छळतेय ती तुझी झोप.

त्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तर तू गॅलरीत बसलेली. हवा गार होती, तरी टीशर्ट पाठीला चिकटलेला. उशीचा अभ्रा काढून खुर्चीवर वाळत टाकलेला. "काहीतरी विचित्र स्वप्नं पडतात, मग झोपच लागत नाही," म्हणालीस. सकाळी ताटातलं अर्धं तसंच राहिलं, आणि दुपारी केदारने न विचारता चार्जर घेतला एवढ्यावरून ते सगळं रामायण झालं. आईला वाटलं कामाचा ताण आहे. मलाही तसंच वाटलं असतं तर बरं झालं असतं.

मी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुझं नाव घेतलं नाही. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी सांगितलं: चिडचिड, घाम, भूक मरणं, झोप उडणं, भडक स्वप्नं. रोज ओढणाऱ्याने बंद केलं की एक ते तीन दिवसांत हे सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जोर जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. झोप मात्र सगळ्यात शेवटी जागेवर येते. डीएसएम-५ या मानसोपचाराच्या निदानग्रंथात २०१३ पासून गांजाचा विथड्रॉवल, म्हणजे बंद केल्यावर होणारा हा त्रास, रीतसर नोंदलेला आहे.

कारणही त्यांनी नीट समजावलं. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, मेंदूतल्या सीबी१ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं. तिथे खरं तर मेंदूची स्वतःचीच रसायनं काम करत असतात. झोप, भूक, मनाची अवस्था, स्मरण यांचा तोल त्यांच्यामुळे राहतो. बाहेरून रोज मारा झाला की मेंदू ते रिसेप्टर कमी करत जातो. मग एक जॉइंट पुरेनासा होतो, दोन लागतात. आणि ज्या दिवशी काहीच मिळत नाही, त्या दिवशी शरीराचं स्वतःचं रसायनसुद्धा अपुरं पडतं. तेव्हा "झोप येत नाही म्हणून ओढते" हे तुझं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण झोप ज्याच्यामुळे उडाली त्याच्याकडेच तू रोज रात्री झोप मागायला जातेस. सावकाराचं व्याज फेडायला त्याच सावकाराकडून पैसे उचलावेत तसं हे आहे.

व्यसनाच्या निदानासाठी अकरा खुणा असतात. वर्षभरात दोन जुळल्या तरी नोंद होते, सहा किंवा जास्त जुळल्या तर गंभीर. ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त घेतलं जाणं, कमी करायचं म्हणून न जमणं, तलफ येणं, आवडीच्या गोष्टी सुटणं. मी तुझ्यासाठी मोजायला बसलो आणि 'आवडीच्या गोष्टी'पाशी कागद मिटला. पोहणं कधी सोडलंस गं तू? तलावावरून आलीस की ओल्या केसांनीच झोपायचीस आणि आई ओरडायची. तुला झोपवावं असं कधी लागलंच नाही. बसमध्ये उभ्या उभ्या माझ्या मांडीला टेकून झोपायचीस. आत्याकडे एवढा गोंगाट चाललेला असताना तू सतरंजीच्या गुंडाळीवर गाढ. रिलेच्या आदल्या रात्रीसुद्धा घोरत होतीस, जागा मी होतो.

सुधाकाकाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण ज्यांच्या घरात तसा आजार होऊन गेला आहे, त्यांना भास-भ्रमांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि रोजच्या जहाल मालाने तो आणखी वाढतो. माल जहाल झालाच आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ मध्ये टीएचसी सुमारे ४ टक्के होतं, आता ते १५ टक्क्यांच्या आसपास असतं. तुझे आजोबा रात्र रात्र सुधाच्या दाराबाहेर बसायचे. तोही सुरुवातीला एवढंच म्हणायचा, झोप लागत नाही.

झालं, भाषण सुरू झालं. माफ कर. घाबरवायचं नव्हतं तुला, मीच घाबरलोय.

एक गोष्ट मला तू गेल्यावर उमगली. इथे होतीस तेवढे दिवस तू एकदाही ओढलं नाहीस. आमच्यासाठी तेवढा त्रास काढलास आणि आम्ही तुला चिडकी ठरवलं. तुझा पहिला पेपर छापून आला तेव्हा वाटला होता तसाच अभिमान मला याचाही वाटतो. दोन दिवस आधीच निघालीस ती रागाने की तलफेने, हे मी विचारणार नाही. मनातून मात्र ते जात नाही.

जेवढं सोसलंस ते वाया जायचं कारण नाही. साधारण चार आठवडे बंद ठेवलं तर ते रिसेप्टर बऱ्याच अंशी पूर्ववत होतात, मेंदूच्या स्कॅनमध्ये हे दिसलेलं आहे. यावर मान्यताप्राप्त असं औषध अजून नाही, पण समुपदेशनाचा, विशेषतः सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा, उपयोग होतो. एकदम बंद करायचं की हळूहळू कमी करायचं, ते तू आणि समुपदेशक ठरवा. तेवढ्या काळात झोपेसाठी दारू नको, मनाने गोळ्याही नकोत. कुणी नसताना आवाज ऐकू आला, किंवा कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि लगेच मला फोन. कितीही वाजलेले असोत.

शनिवारी मी फोन करेन. बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नकोस, नुसता मेसेज टाक: रात्री किती तास झोपलीस. बाकी काही विचारणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. चष्म्याची केस इथेच राहिली आहे. केदार पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. त्याला घरात घे.