झेरॉक्सच्या दुकानातल्या दादांना: थिसीस जमा झाला बरं का!

दादा, नमस्कार.

पेढे दुकानावर ठेवून गेले होते पण तुम्ही नेमके कागदाची रिमं आणायला गेलेले, आणि काउंटरवरच्या पोराला पेढे कशाचे ते धड सांगता आलं नसणार, म्हणून हे पत्र. उघडं लिहायले ते एवढ्यासाठी की परभणी-नांदेड-हिंगोलीकडं मराठीतून पीएचडी करणारे माझ्यासारखे बरेच आहेत, त्यांना पण तुमचं ज्ञान थोडं फुकटात मिळू द्या. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही ते.

आधी बाकीच्यांसाठी सांगते. दादांचा धंदा पानामागं पैशाचा. माझी फाईल बारवांवरची (बारव म्हणजे पायऱ्या असलेली जुनी दगडी विहीर), अडीचशेच्या वर पानं, चारठाणा, वालूर आणि कुठकुठल्या गावचे फोटो, तळटीपा, चित्रसूची, अनुक्रमणिका, सगळा पसारा. नुसतं "द्या सेटिंग करून" म्हणलं असतं तर दादांना चांगले पैसे सुटले असते. तर हे म्हणे, "ताई, मी करून देतो ओ, पण उद्या गाईड मॅडम म्हणल्या चौथं प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्या, की तुम्ही परत येणार, परत पैसे देणार. त्यापेक्षा शिकूनच घ्या ना." असं बोलणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही.

दादा, सगळ्यात जास्त वेळ वाचला तो तुमच्या त्या बिल्ल्यामुळं. मथळा जाड केला, मोठा केला, मधी घेतला, आपल्याला वाटतं झालं हेडिंग, पण वर्डसाठी ते फक्त जाड अक्षर. तुम्ही म्हणलात, "जनावराच्या कानात बिल्ला नसला तर दवाखान्यात त्याची नोंद कुठं सापडणार? तसं हेडिंगला स्टाइल लावा." मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल ऑल्ट 1 दाबलं की प्रकरणाचं नाव, 2 दाबलं की उपमथळा, 3 दाबलं की त्याच्या खालचा. बास. मग व्ह्यू मधी जाऊन नेव्हिगेशन पेन चालू केला की डाव्या बाजूला अख्ख्या थिसीसचा सांगाडा दिसतो आणि तिथलं प्रकरण माउसनं धरून वर ओढलं की त्याच्या पोटातला सगळा मजकूर, फोटो, टेबलं सगळं त्याच्यासंगं वर जातं. गाईड मॅडमनी खरंच प्रकरणं इकडची तिकडं करायला लावली (तुमच्या तोंडात साखर पडो का काय म्हणावं आता), आणि ते काम चहा गार व्हायच्या आत झालं. अनुक्रमणिका तर हातानं टाइप करायचीच नाही, रेफरन्सेस मधून टेबल ऑफ कंटेंट्स टाकायचं, पानं बदलली की त्यावर राइट क्लिक, अपडेट फील्ड, आणि तिथं 'एंटायर टेबल' निवडायचं, नुसते पान नंबर नाही, नाहीतर बदललेले मथळे जुनेच राहतात.

यात मराठीवाल्यांना एक गोम आहे जी इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाही. हेडिंगची स्टाइल बदलून फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरं ढिम्म हलत नाहीत, इंग्रजी तेवढं बदलतं. कारण वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' धरतं आणि तिचा फॉन्ट, साइज, जाडपणा वेगळा साठवतं. स्टाइलवर राइट क्लिक, मॉडिफाय, खाली फॉरमॅट, मग फॉन्ट, तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा रकाना आहे, त्यात भरायचं. तुम्ही हे दोन मिनिटात दाखवलं, आमच्या डिपार्टमेंटला लोक यावरून कंप्युटरलाच शिव्या घालत बसतात.

दुसरं फोटोचं. बारवांचे फोटो म्हणजे एक मधी घातला की पुढचे सगळे नंबर चुकणार, आणि मजकुरात "चित्र 32 पहा" लिहिलेलं असतं ते पण चुकणार. तुम्ही फोटोवर राइट क्लिक करून इन्सर्ट कॅप्शन दाखवलं, न्यू लेबल करून 'चित्र' असं मराठी लेबल बनवलं, आणि मजकुरात नंबर हातानं न लिहिता क्रॉस रेफरन्स मधून घ्यायला लावला. आता मधी कितीही फोटो घुसवा, शेवटी कंट्रोल ए, मग एफ 9, सगळे नंबर आपोआप रांगेत (काही लॅपटॉपवर एफ 9 बरोबर एफएन पण दाबावं लागतं, यात मैत्रिणीची अर्धी दुपार गेली). चित्रसूची पण त्याच कॅप्शनवरून आपोआप निघते. फोटो मात्र 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवायचा. इकडंतिकडं तरंगता ठेवला तर कॅप्शन वेगळ्या चौकटीत जातं आणि मग यादीत येतंच असं नाही.

आणि मोबाइलचे फोटो जसेच्या तसे टाकून फाईल एवढी जड झाली होती की उघडायलाच टाइम लागायचा. पिक्चर फॉरमॅट मधी कम्प्रेस पिक्चर्स, प्रिंटसाठी 220 पीपीआय, आणि 'फक्त याच फोटोला' हा टिकमार्क काढायचा म्हणजे सगळ्यांना एकदाच लागू होतं. मूळ फोटो पेनड्राइव्हवर वेगळे ठेवा म्हणलात, ठेवलेत.

फाइंड रिप्लेस बद्दल तर काय बोलू. कंट्रोल एच. पूर्णविरामाच्या आधीची स्पेस काढायची, दोन स्पेसची एक करायची, एंटर मारमारून केलेल्या रिकाम्या ओळी घालवायच्या (वरच्या रकान्यात ^p^p, खालच्यात ^p, आणि ऑल रिप्लेस तोपर्यंत दाबत राहायचं जोपर्यंत काही उरत नाही), नवीन पानासाठी एंटरची माळ न लावता कंट्रोल एंटर. बारवांच्या विषयात 'हेमाडपंती' शब्द पानापानावर, अर्ध्या ठिकाणी 'हेमाडपंथी' असं, कारण मी ज्यांच्याकडून टिपणं जमवली त्यांच्यातच एकमत नाही. तिथं तुम्ही माझा हात धरला, म्हणलात ऑल रिप्लेस नका दाबू, दुसऱ्याच्या पुस्तकातलं अवतरण असेल तर त्यानं लिहिलंय तसंच राहिलं पाहिजे, एक एक बघत फाइंड नेक्स्ट करत जा. टायपिंगवाल्याला अवतरणाची ही कदर, आणि आमच्याकडं सेमिनारला वेगळंच चालतं, असो.

बारक्या गोष्टी पण लई कामाला आल्या. 'स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड' दर वेळी कोण टाइप करणार, ऑटोकरेक्ट मधी 'स्वारातीम' टाकून ठेवलं, स्पेस दिली की पूर्ण नाव हजर, आणि खरंच 'स्वारातीम' एवढंच पाहिजे असेल तर लगेच कंट्रोल झेड. 'इ.स.' ओळीच्या शेवटी आणि साल खालच्या ओळीत असं तुटायचं, तिथं मधली स्पेस कंट्रोल शिफ्ट स्पेसनं दिली की जोडी फुटत नाही. फॉरमॅट पेंटरवर डबल क्लिक केलं की ब्रश हातातच राहतो, एस्केप दाबेपर्यंत. पान नंबरसाठी सुरुवातीची पानं रोमनमधी आणि प्रकरणं 1 पासून, त्यासाठी लोक दोन वेगळ्या फायली करतात. तुम्ही सेक्शन ब्रेक टाकून 'लिंक टू प्रीव्हियस' बंद केलं आणि एकाच फाईलमधी काम भागवलं.

अजून एक आग्रह तुमचा, जो तेव्हा मला नको वाटत होता. आधीची दोन प्रकरणं जुन्या फॉन्टात होती, दिसायला छान. तुम्ही म्हणलात आधी युनिकोडमधी फिरवून घ्या, मग बाकीचं. कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकेक तपासताना जीव गेला, तुम्हाला मनातल्या मनात बोलले पण असेन. पण पीएचडीची प्रत ऑनलाइन द्यायचं बंधन यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2009 पासून घातलंय, ती शोधगंगा या थिसीसच्या ऑनलाइन साठ्यावर चढते, आणि जुन्या फॉन्टातली अक्षरं म्हणजे आतून नुसती इंग्रजी किल्ल्यांची खिचडी, कुणी 'बारव' शोधलं तर तो थिसीस सापडणारच नाही. आता पीडीएफ करताना हेडिंगवरून बुकमार्क पण आलेत, बाजूला टिचकी मारली की प्रकरण उघडतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हायवाआधी (तोंडी परीक्षेआधी) मला विचारलं, हे कुठून करून घेतलं. तुमच्या दुकानाचा पत्ता दिलाय.

दादा, तुम्ही हे सगळं दाखवत होतात तेव्हा काउंटरवर आधार कार्डाच्या झेरॉक्सला माणसं ताटकळत उभी असायची, लाइट जायची, तुम्ही इन्व्हर्टरवर एकच कंप्युटर चालू ठेवायचे आणि तो माझ्यापुढं. शेवटी बायंडिंगचे तेवढे पैसे घेतले.

माझी मावसबहीण पुढच्या आठवड्यात येईल, तिचं एमएडचं डिझर्टेशन आहे, टेबलं लई आहेत आणि एक पण दुसऱ्या पानावर नीट उतरत नाही. मी तिला हेडर रो, म्हणजे टेबलाची वरची मथळ्याची ओळ, दर पानावर रिपीट करायचं सांगितलंय, बाकीचं तुम्ही बघा. आणि तिच्याकडून शिकवायचे पैसे घ्या, मी तिला तसं सांगूनच पाठवतेय, नाही म्हणू नका.

तुमची,
बारववाल्या ताई