बोटभर रेस

येलदरी, १४ डिसेंबर २०२५

प्रिय भोवऱ्या,

आखाजीनंतर तुला एक अक्षर लिहिलं नाही. तुझे दोन फोन आले, तेही उचलले नाहीत. राग नव्हता रे, तोंड नव्हतं. इकडं सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच.

अण्णा होडीत पडले. घाबरू नको, आता ठीक आहेत. दिवाळीच्या आधीची गोष्ट. जाळं त्या बाभळीच्या खोडांपाशी लावलं होतं. २०१६ ला पाणी तळाला गेलं तेव्हा आपण चालत जाऊन मोजली होती ना, तीच खोडं. अण्णा पुढच्या टोकावर उभे राहून जाळं ओढत होते, मी मागं इंजिनाच्या रेसच्या मुठीवर. जाळं खोडात अडकलं, म्हणून होडी हातभर पुढं घ्यायची होती. गिअर टाकला, मूठ जराशी फिरवली. काही नाही. अजून जराशी, तरी काही नाही. तिसऱ्यांदा फिरवली आणि होडी दणका देऊन सुटली. अण्णा मागं आडव्या फळीवर आदळले. जिंतूरला फोटो काढला, बरगडीला तडा नाही, मुका मार आहे. पाण्यात गेले असते तर काय, हे मी रोज रात्री बघतो.

मला ते रागानं एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून रोज सकाळी काठावर येतात, जाळं दुरुस्त करत बसतात आणि होडीत पाय ठेवत नाहीत. १९६८ ला धरण झालं तेव्हा सतरा वर्षांचे होते, तेव्हापासून या पाण्यावर आहेत. मी फार विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "होडी पळूलाली बाबा. मला चालणारी होडी पाहिजे."

हे वाक्य तुझ्याशिवाय कुणाला सांगू? वल्ह्यानं होडी जाळ्याच्या तरंगत्या बोयाला अशी लावायची की बोया जागचा हलू नये, हे त्यांनी आपल्या दोघांनाच शिकवलं. म्हणजे मला शिकवलं. तुझा उजवा हात जड, तू नुसता गोल गोल फिरायचास आणि बोया मधोमध तसाच. पोरं काठावरून मोजायची. अकरा फेऱ्यांचा तुझा विक्रम अजून कुणी मोडला नाही.

आता ते भांडण. तू म्हणाला होतास, पाच हॉर्सपॉवरचं इंजिन घे, ९.९ चं या होडीला मोठं होतंय. मी म्हणालो, वारं सुटल्यावर पाचवर घरी येऊन दाखव. त्यावरून तेव्हा दोन दिवाळ्या आपण बोललो नव्हतो. तुझं अर्धं खरं होतं, हे आज लिहून देतो. उरलेलं अर्धं काय, ते ऐक, कारण महिनाभर मी दुसरा विचारच केलेला नाही.

पहिलं घरातलंच पाप निघालं. मागच्या वर्षी गिअर टाकला की इंजिन बंद पडायचं. एका मिस्त्रीनं स्लो रेसचा, म्हणजे मूठ बंद असताना चालणाऱ्या रेसचा, स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. बंद पडायचं थांबलं, मी खूश. पण दुखणं तसंच राहिलं, वरून पट्टी बांधली. मूठ पूर्ण बंद असतानाही होडी माणसाच्या भराभर चालण्यानं जात होती, आणि एवढ्या रेसवर गिअर टाकला की खालून घण मारल्यासारखा आवाज. परवा कार्बोरेटर उघडला, तर स्लो जेटच्या, म्हणजे हळू चालीचं पेट्रोल सोडणाऱ्या नळीच्या, भोकात पांढरट हिरवा खर. टाकी पावसाळाभर अर्धी भरून ठेवलेली आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं, जास्त झालं की पाणी धरून तळाला बसतं. वायरीतली तांब्याची एक तार घेऊन भोक मोकळं केलं. स्टीलची तार घातली नाही. तू माझ्या लुनाचा जेट सुईनं मोठा करून ठेवला होतास, ते आठवतंय. महिनाभर नुसता धूर.

मग हवेचा स्क्रू हलक्या हातानं टेकवला आणि दीड फेरा मागं घेतला. होडी काठाच्या खुंट्याला बांधली, पंखा खोल पाण्यात, इंजिन दहा मिनिटं गरम केलं आणि गिअर टाकून स्लो रेस जुळवली. न्यूट्रलमध्ये जुळवली की गिअर पडताच फेऱ्या उतरतात आणि इंजिन मरतं. मिस्त्रीकडं ते टपात उभं असतं, तिथं होडीचा भार कुठून येणार?

दुसरी गोष्ट केबल. आतली तार गंजलेली, वर ढिली. म्हणून मूठ आधी पोकळ फिरायची, मग तार चिकटून बसायची आणि सुटली की झेप घ्यायची. अण्णांना पाडलं ते त्या झेपेनं. नवीन केबल टाकली, ढिलेपणा काढला, मुठीच्या आत ग्रीस भरलं. खालचा घर्षणाचा स्क्रू आवळला, पण बेतानं. लाटेनं माझा हात हलला तर मूठ हलू नये, आणि बंद करायची झाली तर अडूही नये. ओढली की इंजिन बंद करणारी किल स्विचची लाल दोरी आता मनगटात असते. इतकी वर्षं ती डब्यात पडून होती. त्याबद्दल तू काही बोलू नकोस, बायको रोज बोलते.

अण्णांनी स्वतः एक उपाय सांगितला. बादलीला भोकं पाडून ती पुढच्या कडेवरून पाण्यात सोडायची, दोरी इतकी आखूड की पंख्यापर्यंत पोचूच नये. होडी खरंच निम्मी होते. शेजारचे चाचा विचारत होते, धरणातलं पाणी भोकाच्या बादलीनं कुठं नेताय?

चिमीची बारावी आहे ना यंदा? तिला म्हणावं, पेपर झाले की इकडं ये. तुझी रात्रपाळी संपली का? वहिनींना नमस्कार.

तर आता तुझ्या उरलेल्या अर्ध्याकडं येतो. पंखा निम्म्या फेऱ्यांनी फिरवायला पूर्ण ताकदीचा साधारण आठवा हिस्साच लागतो. म्हणजे माझ्या ९.९ मधला सव्वा हॉर्सपॉवर. जाळ्यापाशी तर त्याच्याहून कितीतरी कमी. म्हणून सगळी हळू चाल मुठीच्या पहिल्या बोटभर फिरण्यात कोंबून बसलीय. पुढच्या सगळ्या फिरण्याचा आम्हाला उपयोग येताना वाऱ्यातच. पाचचं घेतलं असतं तरी हीच गर्दी असती, थोडी कमी. मला ती पहिली बोटभर जागा हातभर करायचीय, आणि वाऱ्यासाठी पूर्ण रेसही सोडायची नाही.

यासाठी तुझी लेथ पाहिजे. मुठीच्या दांड्याला मागं केबल ओढणारी गोल चकती आहे, त्रिज्या १५ मिलीमीटर. मूठ १२० अंश फिरते, केबल साधारण ३१ मिलीमीटर ओढली जाते. त्याच जागी गोगलगाईच्या शंखासारखी चकती बसवायची, जिची त्रिज्या सुरुवातीला ८ आणि वाढत वाढत शेवटी २२. सरासरी तीच १५, म्हणून शेवटी केबल तेवढीच ओढली जाईल, पूर्ण रेस मिळेल. पण पहिल्या ४० अंशांत आज साडेदहा मिलीमीटर ओढली जाते, ती सातच्या आसपास येईल. मी पुठ्ठ्याची कापून दोरा गुंडाळून मोजलं, जमतंय. बावीसची बाजू आतल्या पत्र्याला घासत नाही, तेही बघितलं. नायलॉनची कर, गंजायला नको. केबलची खाच दोन मिलीमीटर रुंद कर आणि खोल ठेव, ढिली पडली तर तार बाहेर उडी मारू नये.

काल संध्याकाळी होडी खुंट्याला बांधून, गिअर टाकून स्लो रेसवर ठेवली होती. अण्णा उठून आले. काठावर उभे राहूनच वाकले, होडीच्या कडेवर तळवा टेकवला आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच राहिले. तुझ्या पाठीवर ताप बघायला ठेवायचे ना, तसा. मग म्हणाले, "अजून उलीशीक कमी कर."

कमी केली तर इंजिन बंद पडतं. तेवढं उलीशीक तुझ्या चकतीतही नसेल, मला माहीत आहे, ते पंख्याचा पीच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, कमी करूनच मिळेल. तसा पंखा मी परभणीला शोधतोय. पण गिअर टाकल्यावर जो पहिला हातभर प्रवास आहे, तो तुझ्या चकतीनं सरळ होईल.

पुठ्ठा याच पाकिटात घातलाय. मधलं भोक दांड्याच्या मापाचं, पुठ्ठ्यावर पेन्सिलनं गोल काढलाय, त्याच्या आतल्या कडेनं काप, बाहेरच्या नाही. झाली की एसटीच्या पार्सलनं जिंतूरला टाक. किंवा संक्रांतीला स्वतः घेऊन ये. अण्णा तुझ्यासमोर होडीत चढतील, माझ्यासमोर नाही.

तुझाच,
गण्या