गस्तीतल्या माझ्या पहिल्या गुरूंना, तांडेलकाकांना

तांडेलकाका,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल आणि तुम्ही "हिला दुसरा उद्योग नाही" म्हणत पुन्हा जाळं शिवायला घ्याल, हे ठाऊक असूनही लिहितेय. होडीचे म्होरके म्हणून नुसतं तांडेल म्हणते, तुमचं नाव घालत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. किनाऱ्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

या राखीव किनाऱ्यावर रुजू झाले तेव्हा माझ्याकडे गणवेश, बॅटरी, जीपीएस आणि कायद्याचं पुस्तक होतं. वाळू वाचायला तुम्ही शिकवलंत. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवी चालताना पाय आळीपाळीने टाकते, म्हणून तिचे ठसे एकाआड एक पडतात. हिरवं कासव दोन्ही पुढचे पाय एकदम मारत अंग ओढतं, त्याचे ठसे समोरासमोर. ओहोटी लागलेली असताना वर आलेली मादी परत फिरते तेव्हा पाणी मागे सरकलेलं असतं, म्हणून तिचा जातानाचा माग येतानाच्या मागाहून लांब. आणि माग आहे म्हणजे घरटं असेलच असं नाही. उजेडाला किंवा माणसाला बिचकलेली मादी अंडी न घालताच वळते. अशा ठिकाणी मी हौसेने काठी खुपसायला निघाले की तुम्ही लांबूनच ओरडायचात, "ती बिचकून गेलीय गं, कशाला उकरतेस!"

अंडी हलवायचीच असतील तर घातल्यापासून काही तासांच्या आत आणि जशी आहेत तशीच, न फिरवता हलवायची. नंतर गर्भ कवचाला वरच्या बाजूने आतून चिकटतो आणि अंडं उलटंसुलटं झालं की मरतो. हे मी प्रशिक्षणात शिकले होते. पण उधाणाचं पाणी आपल्या पुळणीवर नेमकं कुठवर चढतं, ते कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही काठीने वाळूत रेघ ओढून दाखवलंत. त्या रेघेच्या वरची घरटी आता आम्ही जागेवरच ठेवतो, भोवती फक्त जाळीचं कुंपण घालतो. आपलं काम वाचावं म्हणून हे करत नाही. पिल्लू नर की मादी हे वाळूची ऊब ठरवते. साधारण २९ अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. शेकडो अंडी एकाच आवारात, एकाच उन्हात नेऊन पुरली की हा तोल आपल्याच हाताने ढळू शकतो. कासवीने जागा निवडली असेल तर शक्यतो तिचं ऐकावं, हे तुम्ही शब्दांत कधी सांगितलं नाहीत, पण वागायचात तसंच.

खरे आभार मात्र दुसऱ्याच गोष्टीचे मानायचे आहेत.

जाळ्यात सापडलेलं कासव निपचित पडलं म्हणजे मेलं असं नसतं, हे मी मच्छीमारांच्या बैठकीत सांगितलं होतं. शांत असताना ते बराच वेळ श्वास रोखू शकतं, पण जाळ्यात धडपडताना तो साठा भराभर संपतो आणि ते बेशुद्ध होतं. तसंच पाण्यात टाकलं तर बुडून मरतं. म्हणून त्याला पोटावरच ठेवायचं, मागचा भाग वीतभर उचलून टेकू द्यायचा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निथळतं. सावलीत ठेवायचं, अंगावर ओलं फडकं घालायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. आणि थांबायचं, वेळ पडली तर दिवसभरसुद्धा. माना डोलल्या, लोक उठून गेले. सरकारी माणसाच्या बोलण्यावर मान डोलावणं ही किनाऱ्यावरची जुनी सोय आहे, मलाही त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्ही मागे, दाराशी बसला होतात. तुम्ही ऐकत होता हे मला कळलं ते तुमच्या खलाशाकडून. जाळ्यात आलेलं कासव तो "मेलंय" म्हणून पाण्यात लोटणार, तर तुम्ही त्याला थांबवलंत. शेपटीच्या टोकाला चिमटा काढून पाहिलात, हालचाल नाही. तरी फळीवर टेकू देऊन ठेवलंत आणि मासे उतरवायला उशीर होतोय म्हणून सगळे कुरकुरत असताना होडी थांबवून धरलीत. दुपार कलल्यावर त्याने मान उचलली. धक्क्यावर ही हकिगत माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा लांब गेली. त्यानंतर होड्यांवरून मला फोन येऊ लागले, "बाई, एक पडलंय, टेकू दिलाय, पुढे काय?" हा फोन गणवेशाला कुणी करत नाही. तुम्ही माझ्याशी नीट बोलता हे लोकांनी पाहिलं होतं, म्हणून तो येतो.

कासवं सोडवायला तुम्ही कापलेल्या जाळ्यांचं लिहायचं म्हटलं तर तुम्ही रागावाल. तेवढी एक ओळ मात्र ठेवते: ते नुकसान तुमचं होतं आणि श्रेय आमच्या खात्याला मिळालं.

हंगामाआधीची बैठक लवकरच बोलावतेय. बेशुद्ध कासवाचं या वेळी तुम्ही सांगायचं, मी फक्त टेकूसाठी फळी घेऊन येते. नव्या ट्रॉलरवर लागलेल्या त्या दोन पोरांना बरोबर आणा, आणि त्यांना पुढे बसवा.

तुमची,
गस्तीवाली बाई